कोयता उचलण्याआधी टपालाची सोय लावा

दसरा-दिवाळी झाली की बीड जिल्ह्यातली वाडी-तांडे ओस पडू लागतात. मुकादमाची उचल घेतलेली बिऱ्हाडं पश्चिम महाराष्ट्रात, कर्नाटकात ऊसतोडीला निघतात ती थेट मार्च-एप्रिलातच परततात. जाताना आपण दाणागोटा बांधतो, राहिलेली जनावरं भावकीच्या दावणीला लावतो, म्हाताऱ्या माणसांची व्यवस्था बघतो. टपालाचं मात्र कुणाच्या ध्यानीमनी नसतं.

आता कुणी म्हणेल, मोबाईलच्या जमान्यात पत्र येतं कुठं? ख्यालीखुशालीचं पत्र बंद झालं हे खरं. पण बँकेची नोटीस, कोर्टाचा समन्स, फेरफाराची नोटीस, आधार-पॅन कार्ड ही मंडळी अजून टपालानेच येतात. दाराला कुलूप दिसलं की पोस्टमन 'घर बंद' असा शेरा मारतो आणि ठरावीक दिवसांनी पाकीट परत जातं.

पाकीट परत गेलं म्हणजे बला टळली, अशी एक समजूत आहे. ती साफ चुकीची आहे. 1897 च्या जनरल क्लॉजेस ॲक्टच्या कलम 27 प्रमाणे बरोबर पत्त्यावर, तिकीट लावून रजिस्टरने पाठवलेली नोटीस पोचली असंच धरलं जातं. चेक न वटल्याच्या एका प्रकरणात 2007 साली सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं, की 'घर बंद' शेऱ्याने परत गेलेली नोटीसही बजावली गेली असं मानता येतं. आपल्याला ती मिळालीच नाही, हे ज्याचं त्यानं सिद्ध करायचं. ट्रॅक्टरच्या व्यवहारात चेक देणाऱ्यांनी हे विशेष लक्षात ठेवावं. अशा नोटिशीनंतर पैसे भरायला अवघे 15 दिवस मिळतात. फेरफारावर हरकत घ्यायची मुदतही 15 दिवसांचीच. तुम्ही फडात असलात म्हणून तारीख काही थांबत नाही.

म्हणून गाव सोडण्याआधी दोन कामं करा. पहिलं, गावच्या पोस्टमास्तरांना लेखी अर्ज द्या. त्यात नाव, पत्ता, जाण्याच्या-येण्याच्या तारखा आणि मोबाईल नंबर लिहा. साधं टपाल राखून ठेवायचं की दुसऱ्या पत्त्यावर पाठवायचं, तेही स्पष्ट लिहा. किती दिवस ठेवता येईल ते तिथेच विचारून घ्या. दुसरं काम जास्त मोलाचं. सहीचं टपाल नुसतं अडवून ठेवून भागत नाही, ते कुणीतरी घेऊन उघडलं पाहिजे. त्यासाठी विश्वासातल्या, वाचता येणाऱ्या माणसाच्या नावे अधिकारपत्र लिहून पोस्टात द्या. पाकीट आलं की त्याच दिवशी त्यानं तुम्हाला फोनवर वाचून दाखवायचं, असा करार करा. ज्याच्याशी बांधाचा वाद आहे, त्याला मात्र हा अधिकार देऊ नका!

गावच्या कारभाऱ्यांनाही एक विनंती. ग्रामसेवक आणि तलाठी भाऊसाहेबांनी दसऱ्याआधी एक दिवस पोस्टमास्तरांना सोबत घेऊन चावडीवर बसावं आणि हे अर्ज जागेवरच भरून घ्यावेत. तोडीला गेलेल्या खातेदारांचे फोन नंबर चावडीत असले, तर फेरफाराची नोटीस काढताना एक फोनही लावता येईल. एवढ्या कामाला शासनाच्या आदेशाची वाट कशाला पाहायची?

सहा महिने ऊस तोडून माणूस चार पैसे घेऊन घरी येतो. कुलपाआडून परत गेलेल्या एका कागदापायी त्याची जमीन अडचणीत यावी, हे बरं नव्हे.