पगार थांबतो, हप्ता थांबत नाही

दिल्लीत नव्याने आलेल्या मराठी माणसाला एक नाव ऐकून हमखास गंमत वाटते. उत्तर दिल्लीत मलकागंज, घंटाघर, कमलानगरच्या बाजूला रिक्षावाला विचारतो, ‘‘हिंदूराव जाना है?’’ आपल्या कोल्हापूरकडचं हे नाव इथं कसं आलं? तर हे हिंदूराव म्हणजे कागलचे हिंदूराव घाटगे, ग्वाल्हेरच्या बायजाबाई शिंदे यांचे भाऊ. विल्यम फ्रेझर या इंग्रज अधिकाऱ्याचा १८३५ मध्ये खून झाल्यावर टेकडीवरचा त्याचा बंगला हिंदूरावांनी विकत घेतला. पुढे तिथं रुग्णालय झालं आणि नाव तेच राहिलं. बायजाबाई तर हिशेबात आणि सावकारीत इतक्या तरबेज होत्या, की खुद्द ईस्ट इंडिया कंपनीने त्यांच्याकडून कर्ज घेतलं होतं.

पण आज हिंदूरावची आठवण इतिहासासाठी काढलेली नाही. ऑक्टोबर २०२० मध्ये याच महापालिका रुग्णालयातले निवासी डॉक्टर रस्त्यावर उतरले होते. कोरोनाचे रुग्ण तपासणाऱ्या या डॉक्टरांना तीन महिन्यांहून अधिक काळ पगार मिळाला नव्हता. काम बंद झालं, पुढे उपोषणही झालं. तिथल्या कोरोना रुग्णांना दुसऱ्या रुग्णालयांत हलवावं लागलं. पैसा कोणी द्यायचा, यावर महापालिका आणि दिल्ली सरकार एकमेकांकडे बोट दाखवत राहिले.

डॉक्टर, तेही सरकारी रुग्णालयातले! आपल्या डोक्यात ‘सुरक्षित नोकरी’ची व्याख्या यापेक्षा वेगळी नसते. तरीही पगार थांबला. महाराष्ट्रात २०२१-२२ च्या दीर्घ संपात एसटी कर्मचाऱ्यांच्या घरांनीही पगाराविना महिने काढले. कारणं वेगवेगळी असतील, पण घरात प्रश्न एकच असतो. पगार थांबला तरी घरभाडं, शाळेची फी आणि बँकेचा हप्ता थांबत नाही.

म्हणून आज स्वतःला एक प्रश्न विचारा. या महिन्याचा पगार आलाच नाही, तर तुमचं घर नवं कर्ज न काढता किती दिवस चालेल?

सवलत म्हणजे माफी नव्हे

तुम्हाला आठवत असेल, त्याच वर्षी रिझर्व्ह बँकेने १ मार्च ते ३१ ऑगस्ट २०२० या सहा महिन्यांत कर्जाचे हप्ते पुढे ढकलण्याची मुभा दिली होती. अनेक घरांत तेव्हा ‘सुटलो’ अशी भावना होती. पण हप्ता थांबला होता, व्याज थांबलं नव्हतं. ८ टक्के दराने २० लाखांचं गृहकर्ज शिल्लक असेल, तर सहा महिन्यांचं व्याजच सुमारे ८०,००० रुपये होतं. ते नंतर कर्जदारानेच भरलं. व्याजावरच्या व्याजात सवलत मिळाली, मूळ व्याजात नाही.

अडचणीत अशी सवलत घेणं चूक नाही. ती केवळ मुदत आहे, एवढं मात्र ध्यानात ठेवा. बँकेने ‘हप्ता तोच ठेवतो, वर्षं वाढवतो’ म्हटलं, की तेव्हाही हेच घडतं. व्याजदर वाढल्यावर हप्ता वाढवायचा की मुदत, हे निवडण्याची संधी बँकेने कर्जदाराला द्यावी, असं रिझर्व्ह बँकेने २०२३ मध्ये सांगितलं आहे. तेव्हा विचारल्याशिवाय सही करू नका.

चाळीस हजारांचे शहाऐंशी हजार

आता एका घराचा हिशेब मांडू. घर काल्पनिक आहे, पण आकडे तुम्हाला ओळखीचे वाटतील.

समजा, घंटाघरजवळ दोन खोल्यांत राहणारं चौघांचं कुटुंब आहे. घरात महिन्याला ४८,००० रुपये येतात. भाडं १४,०००, किराणा आणि दूध १०,०००, मुलांची शाळा व शिकवणी ५,०००, वीज-गॅस-फोन ३,०००, येणं-जाणं २,५००, औषधं १,५००, गावी आईवडिलांना ३,०००. वैयक्तिक कर्जाचा हप्ता ४,२००. क्रेडिट कार्डावर ४०,००० रुपये थकलेत, तिथं दर महिन्याला २,००० भरले जातात. बेरीज करा. ४५,२०० होतात. उरलेले २,८०० रुपये कुठे जातात, हे घरात कोणालाच सांगता येत नाही.

कार्डावर महिन्याला ३.५ टक्के व्याज धरू. ४०,००० वर ते १,४०० रुपये होतं, त्यावर १८ टक्के जीएसटी म्हणजे आणखी २५२. म्हणजे भरलेल्या २,००० पैकी १,६५२ तिथंच गेले. कर्ज कमी झालं फक्त ३४८ रुपयांनी! दर महिन्याला असेच २,००० भरत राहिलं, तर कर्ज फिटायला साडेतीन वर्षांहून जास्त लागतील आणि एकूण सुमारे ८६,४०० रुपये जातील. आपल्याकडे ‘दामदुपट’ हा जुना नियम होता. मुद्दलापेक्षा जास्त व्याज सावकाराला एका वेळी मागता येत नसे. कार्डाला ते बंधन नाही. इथं तर मुद्दल ४०,००० आणि वरचा खर्च ४६,४०० आहे.

आणखी एक गोष्ट अनेकांना माहीत नसते. कार्डावर थकबाकी असली, की नव्या खरेदीवरही पहिल्या दिवसापासून व्याज लागतं. तेव्हा थकबाकी फिटेपर्यंत त्या कार्डाने मोबाइल सोडा, कोथिंबिरीची जुडीही घेऊ नका.

वाचवलेला रुपया त्याच दिवशी हलवा

आता याच घराने ठरवलं, की त्या बेपत्ता २,८०० ला शोधायचं आणि इतर खर्चातून १,२०० काढायचे. म्हणजे महिन्याला ४,००० झाले.

१,२०० काढणं अशक्य नाही. दिल्लीत महिन्याला २०० युनिटपर्यंत विजेचं बिल शून्य येतं, २०१ ते ४०० युनिटपर्यंत निम्मी सवलत मिळते, तीही जास्तीत जास्त ८०० रुपये. ऑक्टोबर २०२२ पासून त्यासाठी अर्ज करावा लागतो. अर्ज केलाय का, ते आधी बघा. मग मीटरकडे लक्ष ठेवा. १९० आणि २१० युनिटमधला फरक पंख्याच्या एका बटणाचा असतो, बिलातला फरक मात्र शेकड्यांत असतो. दिल्लीच्या सरकारी बसमध्ये २०१९ पासून महिलांना मोफत प्रवास आहे. महाराष्ट्रात असाल, तर एसटीत महिलांना मार्च २०२३ पासून निम्मं तिकीट आहे. रक्तदाब, मधुमेहाची रोजची औषधं घरात लागत असतील, तर डॉक्टरांना विचारून जनऔषधी केंद्रातून घ्या. तेच औषध, नाव साधं, किंमत कितीतरी कमी. भाजी दारातल्या गाडीवरून रोज पावशेर घेण्यापेक्षा आठवडी बाजारातून एकदाच घ्या.

काटकसरीच्या अशा युक्त्या तुम्ही आधीही वाचल्या असतील, केल्याही असतील. मग कर्ज का कमी होत नाही? कारण वाचवलेला पैसा खात्यातच राहतो आणि शनिवारी बाहेरच्या जेवणात विरघळतो. थेंबे थेंबे तळे साचते खरं, पण तळ्याला भोक नसेल तरच. म्हणून एक नियम करा. पगार झाला त्याच दिवशी हे ४,००० रुपये आपल्या जागी गेले पाहिजेत. महिनाअखेरीस उरतील ते नव्हे.

आधी उशी, मग कर्ज

हे ४,००० कुठे जावेत? गणित म्हणतं, सगळे कार्डात घाला. पण हिंदूरावच्या डॉक्टरांचे ते तीन महिने आठवा. हाताशी काहीच नसेल आणि पगार लांबला, तर तुम्ही पुन्हा त्याच कार्डाकडे जाल. म्हणून पहिले दोन महिने ८,००० रुपये वेगळ्या खात्यात टाका. ही किराणा आणि औषधांची उशी. त्याला हात लावायचा नाही.

तिसऱ्या महिन्यापासून कार्डावर २,००० ऐवजी ६,००० भरा. आठ हप्त्यांत कार्ड शून्य होतं. या आठ हप्त्यांत सुमारे ४६,८०० रुपये जातात, आधीचे दोन महिने धरले तर ५०,८००. ८६,४०० शी ताडून पहा. फरक ३५,६०० रुपयांचा आहे.

खरी परीक्षा त्यानंतर असते. कार्ड फिटलं म्हणून ६,००० मोकळे झाले असं समजू नका. ते पुढचे सहा महिने उशीत टाका. ३६,००० आणि आधीचे ८,०००, म्हणजे ४४,००० झाले. सोळा महिन्यांपूर्वी एक पगार चुकला तर कोसळलं असतं, ते घर आता एक महिना कोणापुढेही हात न पसरता चालू शकतं. त्यानंतर तीच रक्कम वैयक्तिक कर्जाकडे वळवा. बँकेला मुदतपूर्व परतफेडीचा आकार आधी विचारा. बदलत्या व्याजदराचं गृहकर्ज असेल, तर वैयक्तिक कर्जदाराला असा दंड लागत नाही.

घरात सोनं असेल, तर आणखी एक वाट आहे. १२ टक्क्यांनी सोनेतारण घेऊन कार्ड फेडलं, तर ४०,००० वर महिन्याचं व्याज १,६५२ ऐवजी ४०० होतं. बांगड्या बँकेत ठेवायला जीव होत नाही, हे समजतं. पण दोन अटी पाळता येत असतील तरच हे करा. कार्ड त्याच दिवशी बंद करायचं आणि मुद्दल दर महिन्याला फेडायचं. नुसतं व्याज भरून सोनं वर्षानुवर्षं पडून राहिलं, तर एक दिवस लिलावाची नोटीस येते.

भिशी, ज्याला दिल्लीत ‘कमेटी’ म्हणतात, तीही जपून. पहिल्या महिन्यात भिशी उचलली, तर ते कर्ज आहे आणि शेवटी उचलली, तर बिनव्याजी बचत. कार्ड थकलेलं असताना शेवटी मिळणाऱ्या भिशीत पैसे अडकवणं परवडत नाही.

बिनव्याजी कर्जाचंही व्याज असतं

वाण्याची उधारी आणि नातेवाइकांचे हातउसने पैसे यांना कागदावर व्याज नसतं. म्हणून ते यादीत सर्वांत खाली जातात. पण मेहुण्याचे ३०,००० घेतल्यापासून तुम्ही त्याच्या घरी लग्नाला जायचं टाळत असाल, तर व्याज चालूच आहे. त्याला फोन करा आणि सांगा, ‘‘दर महिन्याला पाचशे देतो, वेळ लागेल, पण देतो.’’ पाचशेची रक्कम लहान असेल, पण त्याने तुमची मान वर राहते.

सर्वांत महाग पडतं ते लपवलेलं कर्ज. नवऱ्याने मोबाइल ॲपवरून घेतलेले १५,००० बायकोला वसुलीच्या फोनवरून कळतात. बायकोने भावाच्या अडचणीला दिलेलं सोनं नवऱ्याला दिवाळीत कळतं. मग भांडण पैशावरून उरत नाही, विश्वासावरून होतं. अशी वेळ आली असेल, तर आरडाओरडा करण्याआधी एवढं विचारा, ‘‘अजून काही आहे का? आजच सगळं सांग.’’ पूर्ण आकडा कळल्याशिवाय कुठलाच बेत टिकत नाही.

आणि वसुलीवाल्यांना घाबरून नवं कर्ज काढू नका. सकाळी ८ च्या आधी आणि संध्याकाळी ७ नंतर वसुलीसाठी फोन करायला रिझर्व्ह बँकेची मनाई आहे. धमकी, शिवीगाळ, नातेवाइकांपुढे बदनामी, यातलं काहीच त्यांना करता येत नाही. आधी बँकेकडे लेखी तक्रार करा. दाद मिळाली नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या १४४४८ या क्रमांकावर माहिती मिळते. हप्ता चुकणार हे दिसत असेल, तर तो चुकण्याआधीच बँकेत जा. आधी गेलेल्याचं ऐकून घेतलं जातं.

या रविवारी एवढंच करा

मुलांची जुनी वही घ्या. एका पानावर सगळी कर्जं लिहा. कोणाचं, किती शिल्लक, व्याज किती, हप्ता किती. दुसऱ्या पानावर पगार नसताना घर चालवायला लागणारा किमान खर्च लिहा. मोठ्या मुलांनाही जवळ बसवा. त्यांना घाबरवायचं नाही, पण ‘या वर्षी नवा फोन का नाही’ हे त्यांना आकड्यांत कळू द्या. मुलं आपल्याला वाटतं त्यापेक्षा समजूतदार असतात. अनेकदा तीच सांगतात, की दोन ओटीटी बंद केले तरी चालेल.

वहीच्या शेवटच्या पानावर आज एक आकडा लिहा, ‘पगार नसताना घर किती दिवस चालेल’. बहुतेक घरांत पहिल्यांदा हा आकडा पाच किंवा सात निघतो, काही घरांत शून्य. लाज वाटून पान फाडू नका. खाली तारीख घाला. पुढच्या महिन्यात पगाराच्या दिवशी पुन्हा तीच वही उघडा आणि नवा आकडा त्याखाली लिहा.