प्रवाळाची टाकी बदलताना छातीही जपा

गप्पी, गोल्डफिश सांभाळून हात बसला की काही हौशी मंडळींना खाऱ्या पाण्याची ओढ लागते. दिवाणखान्यात काचेच्या टाकीत प्रवाळ वाढवणे हा चिकाटीचा छंद आहे. क्षारता दर हजारी ३५ भाग, तापमान २५-२६ अंश, कॅल्शियम लिटरमागे ४०० ते ४५० मिलिग्रॅम. यातले काहीही फार ढळले की प्रवाळ कोमेजतो. त्यामुळे हौशी माणूस रोज पाणी तपासतो, चिलर आणि स्किमरवर खर्च करतो. स्वतःच्या फुफ्फुसांसाठी आणि हातांसाठी मात्र तो साधा चष्मा-हातमोजाही घेत नाही. ही उलटी काळजी आता बदलायला हवी.

धोका एरवी फारसा नसतो. तो येतो टाकी मोठी करण्याच्या किंवा साफ करण्याच्या दिवशी. जुन्या टाकीतले दगड बाहेर निघतात. त्यांवर झोआंथिड नावाचे, रंगीत बटणांसारखे दिसणारे जीव दाट पसरलेले असतात. नको असलेले जीव काढण्यासाठी कोणी दगड ब्रशने घासतो, कोणी उकळते पाणी ओततो. यांपैकी काही जातींत, विशेषतः पॅलीथोआ गटात, पॅलिटॉक्सिन हे अतिशय जहाल विष असते. १९७१ मध्ये हवाईतल्या अशाच एका जीवातून ते शास्त्रज्ञांनी वेगळे काढले. कोणत्या बटणात विष आहे आणि कोणत्यात नाही, हे नुसत्या डोळ्यांना ओळखता येत नाही.

आपल्या प्रत्येक पेशीच्या आवरणात सोडियम बाहेर टाकणारा आणि पोटॅशियम आत घेणारा पंप असतो. पॅलिटॉक्सिन त्या पंपाला चिकटते आणि त्याचे सताड उघडे दार करून टाकते. मग स्नायू आणि हृदयही अडचणीत येऊ शकतात. उकळल्याने हे विष नष्ट होत नाही. उलट वाफेबरोबर आणि घासताना उडणाऱ्या बारीक तुषारांबरोबर ते श्वासात जाते. काही तासांत थंडी-ताप, खोकला, दम, अंगदुखी, तोंडात धातूसारखी चव अशी लक्षणे दिसतात. डोळ्यात उडाले तर बुबुळाला इजा होते. यावर नेमका उतारा नाही; ऑक्सिजन आणि आधाराचे उपचार एवढेच हाती असतात. २०१८ मध्ये इंग्लंडमधल्या ऑक्सफर्डशायर परगण्यात टाकीतला दगड घासल्यानंतर अख्ख्या कुटुंबाला रुग्णालयात न्यावे लागले; मदतीला आलेल्या अग्निशमन जवानांवरही उपचार करावे लागले.

दुसरा धोका सावकाश येतो. मायकोबॅक्टेरियम मरिनम हा क्षयाच्या जंतूचा पाण्यातला भाऊबंद. हाताला खरचटलेले असताना टाकीत हात घातला तर काही आठवड्यांनी बोटावर गाठ येते, मग तशाच गाठी हातावर वर सरकत जातात. सूक्ष्मदर्शकाखाली हा जंतू क्षयासारखाच दिसतो. आपल्याकडे त्वचेच्या क्षयाचा शिक्का लगेच बसू शकतो. पण क्षयाच्या नेहमीच्या औषधांपैकी आयसोनियाझिड आणि पायराझिनामाइड यावर सहसा चालत नाहीत. शिवाय हा जंतू ३० अंशांच्या आसपास चांगला वाढतो. ३७ अंशांवर ठेवलेल्या नमुन्यात तो निसटू शकतो. प्रयोगशाळेला आधी सांगितले तरच तो सापडतो.

हजारो लोक अशा टाक्या पाळतात आणि त्यांना काही होत नाही, असे छंदिष्ट म्हणतात. ते खरे आहे. म्हणून बंदीची मागणी करण्यात अर्थ नाही, माहिती हवी. पण माहितीच्या वाटेत एक अडथळा आहे. २००१ पासून रीफ बांधणारे दगडी प्रवाळ वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत. ते समुद्रातून काढणे आणि विकणे गुन्हा आहे. चोरून घेतलेल्या वस्तूबरोबर नाव आणि सूचना येत नाहीत आणि रुग्णही डॉक्टरांपुढे टाकीचा विषय काढायला कचरतो. असा प्रवाळ घेऊच नये. घरात टाकी असेल तर डॉक्टरांपासून मात्र लपवू नये. ते विचारतात निदानासाठी.

घरी पाळायचे नियम सोपे आहेत. दगड घासायचा तर पाण्याखाली ठेवून, कधीही उकळत्या पाण्याने नाही. रबरी हातमोजे, डोळ्यांना गॉगल, खिडक्या उघड्या, मुले आणि पाळीव प्राणी दुसऱ्या खोलीत. टाकायचे जीव आणि अवजारे टाकीबाहेर वेगळ्या बादलीत, पातळ ब्लीचमध्ये अर्धा तास बुडवून ठेवावीत. ब्लीचमध्ये अॅसिड मिसळू नये. हाताला जखम असेल तर त्या दिवशी टाकीला हात लावू नये.

दुकानदारांनी झोआंथिड विकताना ही चार वाक्ये पावतीवर छापावीत. डॉक्टरांनीही घरातली सगळी माणसे एकाच रात्री तापाने आजारी पडली किंवा हातावरची गाठ महिनाभर बरी होत नसेल, तर एक प्रश्न जरूर विचारावा: घरी माशांची टाकी आहे का?