न गळणारे घर

दिवाळीच्या आधी घराला रंग काढताना आपण पहिल्याने पावसाळ्यातला ओलीचा डाग झाकतो. डाग झाकला की घर नवे दिसते. गळती मात्र पुढच्या मृगापर्यंत आत दबा धरून बसते. हे आठवायचे कारण असे, की परवा माझ्या एका जुन्या विद्यार्थ्याने मला एक लघुपट दाखवला.

पॅरिसजवळ प्वासी गावी ‘व्हिला सव्हॉय’ नावाचे जगप्रसिद्ध घर आहे. चंडीगढ ज्याने आखले त्या ल कार्बुझिए याने पिएर जानरे या आपल्या चुलतभावाबरोबर ते १९२८ ते १९३१ या काळात उभारले. बारीक खांबांवर तोललेला पांढरा चौकोनी मजला, पट्टीसारख्या सलग खिडक्या, गच्चीपर्यंत नेणारी पायऱ्यांवाचूनची चढण, आणि मोटार वळेल अशा बेताने गोलावलेली तळमजल्याची काचेची भिंत! मी भारावून पाहत राहिलो. शेवटी विद्यार्थी हसून म्हणाला, “सर, यात खरे घर कुठेच नाही. सगळे संगणकावर केले आहे.”

नकाशे आणि छायाचित्रे यांवरून घराचा सांगाडा संगणकात रचायचा, त्यावर चुन्याचा, काचेचा पोत चढवायचा आणि सूर्य कुठे ठेवायचा ते ठरवायचे. मग कोणता किरण कुठे आदळून कुठे परतेल याचे गणित यंत्र एकेका चित्रासाठी करते. पडद्यावरच्या एका सेकंदाला अशी चोवीस चित्रे लागतात. या कसबाला माझा नमस्कार आहे. माझे भांडण आहे ते विद्यार्थ्याच्या पुढच्या वाक्याशी. तो म्हणाला, “आता मूळ घर राहिले काय नि गेले काय, सारखेच!”

सारखे नाही, बाबा! त्या लघुपटातले घर गळत नाही. प्वासीचे घर गळत होते. दालनात पाऊस, चढणीवर पाऊस, गॅरेजची भिंत भिजून चिंब, अशी तक्रारींची पत्रे घरमालकीण सव्हॉयबाई वास्तुकाराला पाठवीत होत्या. १९३७ साली तर हे घर राहण्याजोगे नाही, असे बजावून त्यांनी कोर्टकचेरीची धमकी दिली. १९४० साली कुटुंबाने घर सोडले. पुढे महायुद्धात तिथे आधी जर्मन सैनिक राहिले, मग अमेरिकन. हे सारे त्या भिंतींनी सोसले आहे. पडद्यावरच्या भिंतींनी काय सोसले? चित्र खरे वाटावे म्हणून हे कारागीर त्यावर मुद्दाम धूळ आणि ओरखडे काढतात म्हणे. आपल्याकडे म्हणतात, सगळी सोंगे आणता येतात, पैशाचे आणता येत नाही. मी म्हणतो, डागाचे सोंग आणता येते, गळतीचे येत नाही.

आता खरी गोष्ट ऐका. १९५८ साली प्वासीच्या नगरपालिकेने ही जागा ताब्यात घेतली. कशासाठी? शाळा बांधण्यासाठी! मी शाळामास्तर आहे. वर्गाला खोली नसली म्हणजे काय होते ते मी जाणतो. त्या सभेत असतो तर मी शाळेच्या बाजूने हात वर केला असता, हे प्रांजळपणे सांगतो. आणि चुकलो असतो. देशोदेशींच्या वास्तुकारांनी आवाज उठवला, फ्रान्सचे सांस्कृतिक मंत्री आंद्रे माल्रो यांच्यापर्यंत गाऱ्हाणे गेले. घर वाचले आणि त्याच आवारात शाळाही झाली. १९६५ साली घराला कायद्याचे संरक्षण मिळाले. २०१६ साली ते जागतिक वारशाच्या यादीत गेले. त्याच नोंदीत चंडीगढचा कॅपिटॉल परिसरही आहे. पण १९५८च्या त्या सभेत कोणी असा सुबक लघुपट दाखवला असता तर? “चित्र आहे ना आपल्याजवळ? मग पाडा!” या वाक्याला कोणी अडवले असते?

कोणी म्हणेल, जी घरे गेलीच त्यांचे काय? रिचर्ड नॉयट्राने १९६२ साली कॅलिफोर्नियात बांधलेले मॅस्लन हाऊस २००२ साली मालकानेच पाडले. असे घर संगणकात खुशाल पुन्हा उभारा. गेलेल्या माणसाचा फोटो आपण भिंतीवर लावतोच. मात्र ‘हे घर आता नाही’ असे पहिल्याच चौकटीत लिहा. आणि जिवंत माणसाच्या फोटोला हार घालू नका, एवढेच माझे मागणे आहे.

वाचकहो, या दिवाळीत भिंतीवरचा डाग रंगाने झाकलात तर झाका. पण पाऊस येण्याआधी वर चढून कौले तेवढी पाहा. घर टिकते ते त्यानेच.