निळी रेषा, लाल रेषा आणि आपला अर्ज

उन्हाळ्यात धुळ्याची पांझरा अशी कोरडी पडते की पोरं तिच्या पात्रात क्रिकेट मांडतात. म्हणून काठावरचा प्लॉट स्वस्तात मिळाला की माणूस फार चौकशी करत नाही. याच पांझरेने 1872 मध्ये धुळ्यात घरादारांचं मोठं नुकसान केलं, आणि ऑगस्ट 2019 मध्ये शहरातले पूल पाण्याखाली गेले. चाळीसगावकरांना 31 ऑगस्ट 2021 ची आठवण करून द्यावी लागत नाही. तितूर आणि डोंगरीचं पाणी तेव्हा गावात शिरलं.

सरकार नदीकाठी पुराच्या दोन रेषा आखतं. निळी 25 वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल 100 वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची. निळ्या रेषेच्या आत नवं घर नाही. ती जागा मैदान, बगीचा अशा मोकळ्या वापरासाठी. दोन रेषांच्या मध्ये बांधायचं तर जोतं लाल रेषेच्या पातळीहून 0.45 मीटर, म्हणजे सुमारे दीड फूट उंच हवं. ‘शंभर वर्षांतून एकदा’ ऐकून लोक म्हणतात, ‘मग आपल्या हयातीत काय!’ हिशोब तसा नाही. दरवर्षी शंभरात एक, तर तीस वर्षांत चारात एक एवढी शक्यता होते. मुलांना मी हे फळ्यावर मांडून दाखवते, तेव्हा वर्ग गप्प होतो.

शहराचा विकास आराखडा ठरताना 1966 च्या नगररचना कायद्याच्या कलम 26 नुसार मसुदा जाहीर होतो आणि हरकती-सूचनांसाठी 30 दिवस मिळतात. त्यानंतर नियोजन समितीपुढे सुनावणी. आपल्या मोहल्ल्यात हे तीस दिवस कधी येऊन गेले, तेच कळत नाही. नोटीस मराठी पेपरात, घरात अब्बा उर्दू अखबार वाचतात, पोरं मोबाईलमध्ये. पुढे बांधकाम परवानगी नाकारली की धावपळ सुरू होते. तोवर स्टँपवर नोटरी करून प्लॉट घेतलेला असतो. खरेदीखत नाही, एनए नाही.

चिपळूणकरांनी वेगळं केलं. जुलै 2021 च्या पुरानंतर, वाशिष्ठीतला गाळ आधी काढा आणि या रेषांचा फेरविचार करा म्हणून ते उपोषणाला बसले. गाळाचं म्हणणं मला सोळा आणे पटतं. पण रेषा पुसली म्हणून पाणी अलीकडे थांबणार नाही, हेही तितकंच खरं. मागणी करायची तर रेषा नीट मोजा, नाले मोकळे करा आणि आत आधीच राहणाऱ्यांना पर्यायी घर द्या, अशी करावी.

अर्ज मराठीत साध्या कागदावर चालतो. सर्व्हे नंबर, गल्ली, कोणत्या साली पाणी भिंतीवर कुठवर चढलं, कोणता नाला भराव टाकून बुजवला, हे लिहावं. पाणी कुठवर आलं हे घरात बायकांनाच नेमकं ठाऊक असतं. गव्हाची कोठी त्यांनीच उचललेली असते. म्हणून अम्मी, खाला यांनाही अर्जावर सही करू द्या. मशवरा ही आपल्याकडची जुनी रीत. जुम्म्याच्या नमाजनंतर इमामसाहेबांनी मसुद्याची मुदत दोन वाक्यांत सांगितली तरी पुष्कळ होईल. मसुद्याचा नकाशा महापालिकेत पाहायला मिळतो. अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर शिक्क्यासह पोच घ्यावी आणि सुनावणीला तीच बरोबर न्यावी.