फ्लेवर्ड चहाचं सॅम्पल नाकाने पास करू नका

या व्हिडिओत आपण स्पेक्युलास फ्लेवरचा काळा चहा टेस्ट केला. स्पेक्युलास म्हणजे नेदरलँड्स-बेल्जियममध्ये डिसेंबरात सेंट निकोलसच्या सणाला खातात ती मसाल्याची बिस्किटं. दालचिनी, लवंग, जायफळ, सुंठ वगैरे. पाकीट फोडलं की थेट बेकरीत उभं राहिल्यासारखं वाटतं. पण कपात? दालचिनी लागते, मागून लवंग येते, बिस्किटाचा खरपूस गोडवा मात्र गायब! साहजिकच आहे हो, तो गोडवा साखर-लोण्याचा. पत्तीत दोन्ही नाही. चमचाभर साखर घातल्यावर कुठे बिस्किट आठवतं.

म्हणून माझं स्पष्ट मत आहे, असा चहा विकायला घेताय तर आधी पिऊन बघा. टी-टेस्टरसारखं 100 मिली उकळत्या पाण्यात 2 ग्रॅम पत्ती, 6 मिनिटं. आधी कोरा, मग दूध-साखर घालून. पाकिटावर काहीही छापा, आपलं गिऱ्हाईक दूध घालणारच! आणि दुधात हा जवळपास आपल्या मसाला चहासारखाच लागतो. मग जादा भाव कशाचा मागणार? मी तरी हा डिसेंबरच्या गिफ्ट पॅकपुरताच ठेवीन, किलोने भरणार नाही.