चष्मा विसरणारे मामा

दिवाळी आली की कोणाला चकल्या आठवतात, कोणाला फटाके. मला आठवतो आमच्या अल्लीपूरच्या मामांचा चष्मा. गंमत अशी, की तो मी कधी पाहिलेलाच नाही!

वर्धा जिल्ह्याच्या हिंगणघाट तालुक्यातले हे गाव. मामांची कापसाची शेती. कापूस दोन बोटांत ओढून धाग्याची लांबी सांगावी तर मामांनीच. हिशेब सारा तोंडी, आणि पैची चूक नाही. पण कागद पुढे आला की, "चष्मा घरी राह्यला, तूच वाच." घरी असले तर चष्मा शेतात! माझी आई दर भाऊबीजेला त्यांना पत्र धाडी. उत्तर एकदाही आले नाही. "भावाला दोन ओळी जड झाल्या," हे शल्य घेऊनच ती गेली.

गेल्या दिवाळीत मी गावी गेलो होतो. मामांचा पाच वर्षांचा नातू ओसरीवर अंकलिपी घेऊन बसला होता. बोलायला चुणचुणीत, पण काल शिकलेला 'क' आज पुन्हा अनोळखी. वहिनींचा हात उठला, तोच मामा म्हणाले, "त्याले मारू नको, सूनबाई. पोरगं माह्यावर गेलं. म्या चष्मा विसरत नव्हतो. मले वाचताच येत नव्हतं."

मग त्यांनी पेटीतून सुतळीने बांधलेला गठ्ठा काढला. आईची सगळी पत्रे! पोस्टमनकडून वाचून घेतलेली. उत्तर लिहून द्या म्हणायची मात्र लाज वाटली. शाळेत पडलेले 'ढ' हे नाव ते ऐंशी वर्षांचे झाले तरी मनातून गेले नव्हते.

या अडचणीला डिस्लेक्सिया म्हणतात. 1896 साली प्रिंगल मॉर्गन या इंग्रज डॉक्टरांनी चौदा वर्षांच्या एका हुशार मुलाची हकिगत प्रसिद्ध केली. सगळे शिक्षण तोंडी असते तर हा शाळेत पहिला आला असता, असे त्याचे मास्तर म्हणत. 1907 साली ग्लासगोचे नेत्रवैद्य हिन्शेलवूड यांनी एकाच घरातल्या चार भावांची अशीच गोष्ट लिहिली. म्हणजे हे घराण्यातून येते, हे शंभर वर्षांपूर्वीच दिसले होते. आईला किंवा वडिलांना ही अडचण असेल, तर साधारण तिसरा हिस्सा ते निम्म्या मुलांत ती उतरते.

दोष डोळ्यांचा नसतो आणि बुद्धीचाही नसतो. शब्दातले आवाज सुटे करून ते अक्षरांशी जोडणे जड जाते. त्यात आपली लिपी! 'कि' म्हणताना आधी 'क', पण कागदावर वेलांटी आधी. जोडाक्षरे आणि रफार निराळेच.

रीतसर तपासणी बहुधा दुसरी-तिसरीनंतर होते. तोवर पोराने मार खाल्लेला असतो आणि पुस्तकाशी वैर धरलेले असते. मात्र खुणा त्याआधीच दिसतात: उशिरा बोलणे, यमके न जुळणे, अक्षरांची नावे न टिकणे. अशी एखादी खूण दिसली आणि घराण्याचा इतिहासही ठाऊक असला, तर थांबायचे कारण नाही. रोज थोडा वेळ मोठ्याने गोष्ट वाचा, भेंड्या खेळा. 'कमळ'मधला 'क' काढला तर काय उरते, ते विचारा. अक्षर वाळूत गिरवून घ्या. याने अडचण नाहीशी होईल असे नाही. पण वाट सोपी होते. मुंबईत 1996 पासून महाराष्ट्र डिस्लेक्सिया असोसिएशन हे काम करीत आहे, आणि 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्याने या अडचणीला मान्यता दिली आहे.

घरात मधुमेह आहे हे आपण डॉक्टरांना न विचारता सांगतो. मग 'आमच्याकडे वाचायला उशीर लागतो' हे बालवाडीच्या बाईंना सांगायला जीभ का अडखळते? अशा मौनापायी एक बहीण भावावर रुसून गेली. पुढच्या पिढीने आणखी काय गमवायचे?

दिवाळीची सुटी संपली तेव्हा वहिनी अंगणवाडीत गेल्या. बरोबर मामाही होते. ताईंना सारे त्यांनीच सांगितले. चष्म्याचे नाव काढले नाही.