पिवळ्याला माफी, हिरव्याला तुकडेबंदी

बुलडाणा जिल्ह्यातल्या मलकापुरात प्लॉट घेणाऱ्याने हल्ली आधी रंग विचारावा, मग भाव. विकास आराखड्यात जमीन पिवळी, म्हणजे रहिवासी विभागात असेल, तर तिचा भाव चौरस फुटांत बोलला जातो; हिरवी, म्हणजे शेती विभागात राहिली, तर एकरात. धुरा एकच, माती तीच काळी, दोन्हीकडे कपाशीच उभी. फरक काय तो नकाशा काढणाऱ्याच्या पट्टीचा.

रेल्वेचा मुंबई-हावडा मार्ग, त्रेपन्न क्रमांकाचा राष्ट्रीय महामार्ग आणि दसरखेडची एमआयडीसी वाट्याला आलेले गाव वाढणारच. पण वाढीचा कायदा तालुक्याच्या खिशाला कधी विचारून झाला नाही. १९४७ चा तुकडेबंदी कायदा शेतीचे तुकडे होऊ नयेत म्हणून आला. २०२३ पासून बुलडाण्यासह बहुतेक जिल्ह्यांत कोरडवाहूची किमान मर्यादा २० गुंठे आणि ओलिताची १० गुंठे आहे. शिक्षकाला, एसटीच्या वाहकाला, जिनिंगमधल्या मुनिमाला घरापुरता लागतो दीड गुंठा. मग शेतात चुन्याच्या रेघा पडल्या, शंभराच्या स्टॅम्पपेपरवर नोटरी झाली, नाहीतर दहा अनोळखी माणसे एकाच सातबाऱ्यावर भाऊबंदांसारखी नांदू लागली. घर उभे राहिले की विजेचे मीटर येते, घरपट्टीही येते. येत नाही ते बँकेचे कर्ज आणि बांधकाम परवानगी.

हा गुंता राज्यभरचा, म्हणून नोव्हेंबर २०२५ मध्ये सरकारने अध्यादेश काढला. १५ नोव्हेंबर १९६५ ते १५ ऑक्टोबर २०२४ या काळातले असे व्यवहार विनाशुल्क नियमित होणार. जवळजवळ साठ वर्षांची चूक एका सहीत माफ! याआधी नियमित करून घ्यायला बाजारमूल्याच्या २५ टक्के, पुढे ५ टक्के भरावे लागत. ज्यांनी ते इमानेइतबारे भरले, त्यांना परतावा मिळाल्याचे ऐकिवात नाही. कायदा लवकर पाळला, हा त्यांचा दोष.

माफीबद्दल तक्रार नाही. इतकी कुटुंबे ज्या नियमाबाहेर राहतात, तिथे नियमच तपासायला हवा. तक्रार आहे ती माफीच्या हद्दीबद्दल. तिचा खरा लाभ आराखड्यात रहिवासी, व्यापारी अशा अकृषक वापराला दाखवलेल्या जमिनींना आणि गावठाणालगतच्या पट्ट्याला. त्यापलीकडचा, हिरव्यातला तुकडा तुकडाच राहतो. एकाच मालकाकडून, एकाच वर्षी, एकाच नोटरीपुढे दोन साडूंनी प्लॉट घेतले असतील, तर एक उद्या सातबाऱ्यावर नाव लावून घेईल आणि दुसरा त्याच्या वास्तुशांतीला जेवून येईल.

बरे, ही रेघ ठरते कशी? १९६६ च्या नगररचना कायद्याप्रमाणे आराखडा २० वर्षांतून एकदा तरी सुधारायचा, प्रारूप प्रसिद्ध करायचे आणि हरकतींना ३० दिवस द्यायचे. प्रसिद्धी राजपत्रात आणि वर्तमानपत्राच्या त्या पानावर, जे आपण फरसाण ठेवायला वापरतो. संगणकावर शोधू म्हणाल, तर आधी मलकापूर कोणते ते ठरवा. एक कराडजवळ आहे, एक शाहूवाडी तालुक्यात. दलालाला मात्र शोधावे लागत नाही. कोणत्या गटातून अठरा मीटरचा रस्ता जाणार, हे त्याला शेतमालकाच्या आधी ठाऊक असते आणि इसार त्याच आठवड्यात होतो.

जमिनीवर शाळेचे किंवा बगीच्याचे आरक्षण पडले तर निदान कलम १२७ आहे. दहा वर्षांत संपादन झाले नाही, तर मालकाने नोटीस द्यायची. पुढच्या २४ महिन्यांत पालिका हलली नाही की आरक्षण संपते. पालिकेने नुसता ठराव करून जिल्हाधिकाऱ्यांना पत्र पाठवले म्हणजे ‘हलली’ असे होत नाही, हे श्रीरामपूर नगरपरिषदेच्या खटल्यात २०१३ साली सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले. जमीन हिरव्यातच राहिली तर अशी मुदत नाही, नोटीस नाही. पुढच्या आराखड्याची वाट पाहायची. तोवर मुलगा निवृत्तीला येतो.

घर घेणाऱ्याला वाचवायला नवा कायदा नको. दुय्यम निबंधक कार्यालयात खरेदीखताला आधार कार्ड लागते, दोन साक्षीदार लागतात, अंगठ्याचे ठसे लागतात. नगररचना विभागाचा झोन दाखला आणि भाग नकाशाची प्रत तेवढी सक्तीची नाही. ती जोडायला लावली तर हिरव्यातला प्लॉट पिवळा म्हणून विकणे अवघड होईल. मुद्रांक शुल्काची आवकही थोडी घटेल. कदाचित अडचण तिथेच असावी. कारण शासन व्यवहार नोंदवताना शुल्क घेते आणि घर बांधताना विचारते, हा व्यवहार केलातच कसा?

राहता राहिले १६ ऑक्टोबर २०२४ ला आणि त्यानंतर नोटरी करून आलेले. त्यांनी कागद नीट जपून ठेवावेत. निवडणुका वेळेवर होत राहिल्या, तर पुढची तारीखही येईलच.